जुनं पान आणि नवं पान वेगळं तपासा

माती परीक्षण झालंय, मग सॅप टेस्ट (पानाचा रस काढून त्यातली अन्नद्रव्यं मोजणं) कशाला, असा प्रश्न पडतो. मातीत आहे ते सगळं झाडाला मिळतंच असं नाही, म्हणून. नेहमीच्या पान-देठ परीक्षणात नमुना वाळवून, दळून एकूण अन्नद्रव्य मोजतात. त्यात पेशींच्या रचनेत आधीच बसलेलंही येतं. रसात मात्र आत्ता विरघळलेलं, वापरात असलेलं दिसतं.

माझ्या मते खरी माहिती मिळते ती जुन्या-नव्या पानांच्या तुलनेतून. नत्र, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं. जुन्या पानाच्या रसात पालाश घसरलंय आणि नव्यात ठीक आहे, तर झाड साठा मोडून खातंय. भले पान अजून हिरवंगार दिसो. कॅल्शियमचं उलट. ते जुन्या पानातून जवळपास हलतच नाही, त्यामुळे कमतरता आधी कोवळ्या पानांत येते. दोन्ही पानं एकत्र ठेचून एकच नमुना दिलात तर यातलं काहीच कळणार नाही.

नमुना सकाळी, ऊन तापायच्या आत घ्या आणि दर वेळी त्याच सुमारास. कोमेजलेल्या पानाचा रस दाट होतो, आकडे फुगतात. फवारणीनंतर लगेच तर नकोच.

रस तपासायला हातातलं नायट्रेट मीटर वापरणाऱ्यांनी एकक जरूर बघावं. बरीच मीटर नायट्रेट दाखवतात, शिफारशीचे तक्ते मात्र बहुधा नायट्रेट-नत्राचे, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नत्राचे असतात. मीटरच्या आकड्याला ४.४३ ने भागा. नाहीतर नत्र भरपूर आहे असं समजून उपाशी पिकाचं खत बंद कराल.