करवंदातला फरक उंचीमुळे पडतो का?

रानवाट_कोल्हापूर: नमस्कार मंडळी. पन्हाळ्यावरच्या करवंदाच्या जाळ्या बुटक्या, पानं जाड, फळ उशिरा पिकतं. करूळ घाटाखाली तीच करवंदं लवकर पिकतात, पानंही मोठी. आमच्याकडं म्हणतात, जातच वेगळी. उंचीमुळं झाडाची जनुकं बदलतात का?

बीअंकुर: दादा, बुटकं झाड दिसलं की लगेच जनुकांवर बोट ठेवू नका. तेच रोप खाली लावलं तर कदाचित उंच वाढेल. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हीसी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. एकाच झाडाचे तुकडे करून ते सुमारे ३०, १४०० आणि ३०५० मीटर उंचीवरच्या तीन बागांत लावले. १९४० साली निष्कर्ष छापले. काही फरक जागेनुसार बदलले, पण मूळ स्वभाव सुटला नाही. किनाऱ्याकडची बरीच झाडं वरच्या थंडीत टिकली नाहीत आणि डोंगरमाथ्यावरची खाली आणूनही ठेंगणीच राहिली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात अंदाजाला जागाच ठेवली नाही.

हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यामुळं वर फुलोरा मागं पडतो. खालच्या-वरच्या फुलांचा बहर जुळला नाही तर परागांची देवाणघेवाण आटते आणि फरक टिकतो. पण करवंदाचं बी पाखरं दूर नेतात, त्यामुळं जनुकं मिसळतही राहतात. म्हणून एकूण जनुकं सारखी, आणि थंडी-वाऱ्याशी निगडित मोजकीच वेगळी, असंही होऊ शकतं.

घाटमाथा: एक अडचण आहे. कोल्हापुरात सुमारे १००० मिमी पाऊस, करूळ घाटाजवळच्या गगनबावड्यात ५००० च्या वर. पन्हाळा आणि करूळ यांची तुलना केली तर उंचीचा परिणाम कुठला आणि पावसाचा कुठला, हे कसं ओळखणार?

बीअंकुर: अगदी बरोबर, आपल्या जिल्ह्यात हाच खरा गुंता आहे. म्हणून करूळ बाजूला ठेवा. पन्हाळ्याचा माथा आणि पायथा, जोतिबाचा माथा आणि पायथा, अशा दोन जोड्या घ्या. दोन्ही डोंगरांवर फरक एकाच दिशेनं दिसला तर उंचीवरचा संशय बळावतो.

रानवाट_कोल्हापूर: मग बी आणून घरी लावू का?

बीअंकुर: जरूर. बी ताजं असतानाच पेरा, वाळवून ठेवू नका. एकाच जाळीचं नको, प्रत्येक ठिकाणी एकमेकींपासून लांबच्या जाळ्या निवडा आणि प्रत्येक आईझाडाची चिठ्ठी पिशवीला बांधा. माती, पाणी, ऊन सगळ्यांना सारखं. पहिल्या वर्षाच्या उंचीवर निकाल देऊ नका, कारण सुरुवातीची वाढ आईनं बियात भरलेल्या पोषणावरही असते. पानाची जाडी आणि पुढं फुलोऱ्याची तारीख लिहीत चला. राधानगरी अभयारण्यातून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका.

रानवाट_कोल्हापूर: आभारी आहे सर. यंदा मे महिन्यात जोतिबापासून सुरुवात करतो.