मदत हवी आहे: नव्वद किलोमीटर खाली गेलेला खडक वर आला कसा?

भूशास्त्र शिकलेलो नाही, नुसती हौस. चार दिवस एकाच ठिकाणी अडकलोय.

खंडीय कवच हलकं, ते प्रावरणात बुडत नाही, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. मग आल्प्समधल्या डोरा माइरा भागातल्या गार्नेट या खनिजात कोएसाइट कसं? १९८४ साली त्याची नोंद झाली. कोएसाइट म्हणजे क्वार्ट्झचंच दाट रूप, त्याला सुमारे ९० किमी खोलीचा दाब लागतो. खडकाच्या पातळ कापाचा फोटो पाहिला: मधे कोएसाइटचा कण, भोवती क्वार्ट्झची किनार आणि गार्नेटमध्ये चहूकडे किरणांसारख्या भेगा. दाब उतरल्यावर कोएसाइटचं क्वार्ट्झ झालं, ते फुगलं, गार्नेट तडकलं. इथवर कळलं. लडाखच्या त्सो मोरारीतही कोएसाइट आहे, कझाकस्तानातल्या कोक्चेताव्हमध्ये तर बारीक हिरे!

पण वरचे ९० किमी झिजून गेले म्हणावं, तर एवढा गाळ गेला कुठे?

प्रतिसाद १
झीज तूर्त बाजूला ठेवा. कवच आपणहून बुडालं नाही, पुढे जोडलेल्या जड महासागरी पट्टाने (प्रावरणात बुडणाऱ्या समुद्रतळाच्या तुकड्याने) त्याला ओढत नेलं. घनता बघा (ग्रॅम प्रति घन सेंमी): कवच २.७-२.८, प्रावरण ३.३. पट्ट तुटला किंवा कवचाची चकती त्यापासून सुटली, की ती उसळते आणि गेली त्याच वाटेने तिरकी वर येते. चकतीच्या तळाशी एक भ्रंश (खडक ज्यावरून सरकतात ती भेग), माथ्यावर उलट्या दिशेने सरकणारा दुसरा. वरचं छप्पर कुणी काढत नाही, चकतीच त्याच्याखालून निसटते. कवचाच्या तळाशी पोचली की शेजारचे खडकही तितकेच हलके, मग उसळी संपते. उरलेल्या वाटेला झीज आणि कवचाचं ताणलं जाणं.

धागाकर्ता
अच्छा! मी उगाच छप्पर खरवडत बसलो होतो. पण याच खडकांत सापडणाऱ्या एक्लोजाइटची (प्रचंड दाबाखाली बेसॉल्टसारख्या खडकाचा बनलेला दाट खडक) घनता ३.४-३.५, म्हणजे प्रावरणाहून जड. ते कसं वर आलं?

प्रतिसाद १
त्सो मोरारीत एक्लोजाइटचे छोटे तुकडे नाइसमध्ये (खंडीय कवचाचा हलका, पट्टेदार खडक) अडकलेले आहेत. बहुतांश वस्तुमान नाइसचं. उसळी त्याची, एक्लोजाइट फुकटचा प्रवासी.

प्रतिसाद २
एक खुसपट. दाबावरून थेट खोली काढू नका. आवळल्या जाणाऱ्या खडकात दाब वरच्या वजनापेक्षा जास्त असू शकतो, असं मानणारे आहेत. मला स्वतःला ९० किमीचा सगळा हिशेब त्याने सुटेलसं वाटत नाही. कोएसाइट टिकलं यावरून चढण वेगाने झाली आणि पाणी फार शिरलं नाही, एवढं मात्र दिसतं. पाणी मिळालं असतं तर सगळ्याचं केव्हाच क्वार्ट्झ झालं असतं.