मदत हवी आहे: सेगा ३२एक्सचे रद्द झालेले गेम सुरूच होत नाहीयेत

तारांगण
लोकहो लवकर सांगा. ३२एक्सचे (सेगाच्या मेगा ड्राइव्ह गेम मशीनवर बसवायचं जोड-मशीन) जे गेम बाजारात आलेच नाहीत त्यातल्या तीन फाइल्स मिळाल्यात, सोलस्टार एक्स, एक्स-मेन आणि कॅसलव्हेनिया. तिन्ही काळी स्क्रीन दाखवून गप्प. मेगा ड्राइव्हचे बाकी गेम झकास चालतात, म्हणजे सेटिंगचा प्रश्न नाही. शनिवारी मामेभाऊ येतोय, त्याच्याआधी हवंय.

कट्टेकरी
चालवतोयस कशावर?

जुनी_काडतुसं
३२एक्सला स्वतःचा वेगळा विजेचा अडॅप्टर लागतो, शिवाय मेगा ड्राइव्हच्या मागून त्यात एक छोटी व्हिडिओ केबल जोडायची असते, ती आधी तपास. सेगा सीडी (मेगा ड्राइव्हचं सीडीवालं जोड-मशीन) पण लावलेली असेल तर भिंतीत तीन अडॅप्टर खोचावे लागतात.

तारांगण
काका, खरं मशीन नाहीये, फोनवर रेट्रोआर्क आहे, जुन्या मशीनची नक्कल करणारं अ‍ॅप.

कट्टेकरी
कोर कुठला, म्हणजे त्यात मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम कुठला निवडलायस?

मृण्मयी_प
गेम रद्द का झाले हेही कळायला हवं. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ३२एक्स आलं आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सेगाने स्वतःचंच नवं गेम मशीन सॅटर्न विकायला काढलं, मग मे १९९५ मध्ये सॅटर्न अचानक अमेरिकेतही दुकानात, आता जे मशीन कंपनीनेच वाऱ्यावर सोडलंय त्याच्यासाठी गेम कोण पुरा करणार, म्हणून निम्मं काम झालेले गेमसुद्धा तसेच पडून राहिले. सॉनिक एक्स-ट्रीमचं कामसुद्धा एका टप्प्यावर ३२एक्ससाठी चालू होतं, ते सॅटर्नवर नेलं आणि शेवटी तिथेही बंद पडलं. मला याचं अजून वाईट वाटतं.

तारांगण
ताई हे सगळं वाचलंय, मला गेम चालवायचाय. कोर जेनेसिस प्लस जीएक्स.

कट्टेकरी
मग बरोबर, तो कोर ३२एक्स चालवतच नाही. ३२एक्समध्ये हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर आहेत, त्यांची नक्कल त्यात नाही. पिकोड्राइव्ह टाक. फाइलचं एक्स्टेन्शन बिन (.bin) असेल तर ते ३२एक्स (.32x) करून बघ.

रेट्रो_नाना
पिकोड्राइव्ह कशाला, एरीझ नावाचा नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरा, अचूकपणा बघायचा तर तोच.

कट्टेकरी
नाना तो फोनवर आहे, एरीझ पीसीवर चालतो.

रेट्रो_नाना
मग पीसीवर खेळावं ना, असे गेम फोनवर बघण्यात काय अर्थ आहे. बोटांनी स्क्रीन दाबून शूटिंग गेम होतो का?

सांगलीकर
डार्क्साइड पण शोध, तोही आला नव्हता.

जुनी_काडतुसं
आला होता, फक्त युरोपात. उगाच रद्दच्या यादीत घालू नका, गेमचं मूळ काडतूस (कार्ट्रिज) आजही बरंच महाग जातं.

सांगलीकर
ओके. आमच्याकडे तेव्हा सेगा बघायला तरी कुठे मिळायचा, टीव्ही गेम म्हटलं की ते निन्टेन्डोच्या नकलेचं मशीन आणि एका काडतुसात शेकडो गेम, त्यातले निम्मे तेच ते.

तारांगण
पिकोड्राइव्हने सोलस्टार एक्स चालला!!! कट्टेकरी खूप आभार. एक्स-मेन पण उघडतोय पण अर्धवट वाटतो. कॅसलव्हेनिया अजून काळाच, त्याला बायोस (मशीन सुरू करणारी मूळ फाइल) लागतं का?

जुनी_काडतुसं
सोलस्टार कोअर डिझाइनचा, टूम्ब रेडर करणारे तेच. मेगा सीडीवर (सेगा सीडीचंच दुसरं नाव) १९९४ मध्ये आला होता, ३२एक्सचं रूप जवळजवळ तयार झालं होतं म्हणून इतका नीट चालतो. एक्स-मेन कच्चा प्रोटोटाइप आहे, त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको.

मृण्मयी_प
कॅसलव्हेनियाचा तो द ब्लडलेटिंग ना? त्याची खेळता येईल अशी प्रत बाहेर आलेलीच नाही. कोनामीने तो बंद केला आणि पुढे प्लेस्टेशनवर १९९७ मध्ये सिम्फनी ऑफ द नाइट आला. तुझी फाइल कुणीतरी नाव बदलून चिकटवलेली आहे, उडवून टाक. आणि सिम्फनी खेळला नसशील तर भावाला तो दाखव.

तारांगण
सिम्फनी खेळलोय कधीच. उडवतो ती फाइल. पण आता सोलस्टारचा आवाज अडखळतोय, मधेच तुटतो, काय करू?

रेट्रो_नाना
पीसी.

कट्टेकरी
पिकोड्राइव्हच्या कोर ऑप्शनमध्ये फ्रेमस्किप (मधली काही चित्रं गाळणं) आहे ते चालू कर आणि रेट्रोआर्कचं ऑडिओ लेटन्सी (आवाजाला दिलेला उशीर) थोडं वाढव. फोन कुठला आहे ते अजून सांगितलं नाहीस.