मॅन बेटावरील स्मारकांच्या नावांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रातील मॅन बेटावर मी एक मराठी लेख लिहीत असून दोन ठिकाणी अडलो आहे.

पहिली अडचण उच्चारांची. पील किल्ल्यात पहारेकऱ्यांच्या खोलीत येऊन शेकोटीजवळ पडून राहणाऱ्या भुताटकीच्या काळ्या कुत्र्याला तिथे ‘मॉदी डू’ म्हणतात. परंतु मधले व्यंजन इंग्रजी ‘the’ मधील ‘द’सारखे घर्षणयुक्त असल्याचे समजते. मग देवनागरीत मॉदी, मॉडी की मॉदा लिहावे? हे नाव मॅन्क्स भाषेतले. मॅन्क्स ही या बेटाची, आयरिशसारखी गेलिक कुळातील भाषा असून ती मातृभाषा म्हणून बोलणारे शेवटचे गृहस्थ नेड मॅड्रेल 1974 मध्ये वारले, तरी पुनरुज्जीवनामुळे ती आज शाळेत शिकवली जाते. तेव्हा ती प्रत्यक्ष ऐकलेल्या कुणाचे मत मिळाल्यास बरे.

दुसरी अडचण परिभाषेची. क्रेगनिश गावाजवळच्या टेकडीवर नवाश्मयुगातील 12 दफनकक्ष सहा जोड्यांनी वर्तुळात मांडलेले आहेत. त्यांना ‘महापाषाणीय’ (मोठ्या शिळांनी रचलेले) म्हटल्यास आपल्याकडचा वाचक विदर्भातील लोहयुगीन शिळावर्तुळेच डोळ्यांसमोर आणील, आणि काळाचा मोठा घोटाळा होईल. तसेच अँड्रियास येथील थोरवाल्डच्या शिळेवर एका बाजूस नॉर्स पुराणकथांतील फेनरिर लांडगा ओडिन देवाला गिळताना, तर दुसऱ्या बाजूस हाती क्रूस व ग्रंथ घेतलेला पुरुष कोरला आहे. अशा शिळेला ‘क्रूसशिळा’ म्हणावे का? ‘वीरगळ’ मला मुळीच पटत नाही. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी कृपया रूढ मराठी संज्ञा सुचवाव्यात.