मदत हवी आहे: टाका या बांगलादेशी चलनाचं चिन्ह पीडीएफमध्ये चौकोन दिसतंय

मंडळी, दोन दिवस डोकं खातोय हे प्रकरण. मी पुण्यातून छोटीमोठी वेबची कामं करतो, ढाक्याचा एक क्लायंट आहे, त्याला कोटेशन टाकात हवं होतं. ब्राउझरमध्ये चिन्ह मस्त दिसतं, पण त्याच पानाची पीडीएफ काढली की रकमेच्या आधी रिकामा चौकोन. त्याने फोटो काढून चौकोनाभोवती लाल गोल करून पाठवला, वर प्रश्नचिन्ह. लाज गेली.

मग कॅरेक्टर मॅपमध्ये (कॉम्प्युटरवरची सगळ्या चिन्हांची यादी) शोधलं तर तिथे आणखी घोळ. बंगालीत दोन चिन्हं, एकाचं नाव ‘बेंगाली रुपी मार्क’, दुसऱ्याचं ‘बेंगाली रुपी साइन’. अरे मग टाका कुठंय? मी पहिलं टाकून बघितलं, ते तर भलतंच काहीतरी निघालं. (चिन्ह इथे पेस्ट केलं तर इथेही चौकोनच येतोय, म्हणून नावं लिहितोय.)

तिसरं म्हणजे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडली की एका चिन्हाची तीन अक्षरं होतात, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग वकिली कागदात कलमाला लावतात ते चिन्ह, मग वर चढवलेला बारका तीन. नक्की चूक कुठे होतेय? कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
‘साइन’वालं घ्या, तेच टाकाचं चिन्ह. एचटीएमएलमध्ये दशमान कोड २५४७. तुम्ही घेतलेलं २५४६ म्हणजे जुन्या हिशेबातलं चिन्ह. नावात रुपी आहे म्हणून गोंधळू नका, कोलकात्यात आजही रुपयाला टाकाच म्हणतात, आपल्या नोटेवरच्या भाषांच्या पट्टीत बंगाली ओळ वाचून बघा. आणि युनिकोडात (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक आणि नाव देणारी प्रमाण यादी) एकदा दिलेलं नाव नंतर बदलत नाहीत. गंमत म्हणजे हे चिन्ह तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, आपलं ₹ आलं २०१० मध्ये. शेजारीच आण्याच्या हिशेबाची चिन्हंपण आहेत, सोळा हा छेद आणि वरचे अंश वेगळे, आमच्या आजोबांना दाखवली असती तर पावकी-निमकी सुरू झाली असती.

प्रतिसाद २
पीडीएफचं कारण फाँट. ब्राउझर एका फाँटमध्ये चिन्ह नसेल तर गुपचूप दुसऱ्यातून उचलतो, बरीच पीडीएफ टूल्स तसं करत नाहीत, आणि तुमचा फाँट हेल्वेटिका असेल तर त्यात बंगाली नाहीच. नोटो सान्स बेंगाली हा फाँट फाइलमध्येच एम्बेड करा (म्हणजे आत भरा) आणि फक्त त्या एका चिन्हाला वेगळा स्पॅन (मजकुराचा तुकडा वेगळा करणारा एचटीएमएल टॅग) देऊन तो फाँट लावा, आकडे आहेत तसेच राहू देत. जोडाक्षराची भानगड नसलेलं सुटं चिन्ह आहे त्यामुळे एवढ्यावर भागतं, क्लायंटचं नाव बंगालीत लिहायला गेलात तर मात्र टूलला शेपिंग (अक्षरं आणि मात्रा नीट जुळवणं) यायला हवं नाहीतर काना-वेलांट्या सैरावैरा पळतील.
सीएसव्हीचं म्हणाल तर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) या चिन्हाला तीन बाइट लागतात, एक्सेल फाइल विंडोज-१२५२ (एका बाइटला एक अक्षर अशी जुनी पद्धत) समजून उघडतंय म्हणून प्रत्येक बाइटचं एकेक अक्षर दिसतंय. बॉमसकट (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारी सुरुवातीची खूण) सेव्ह करा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. स्पॅन लावला, चौकोन गेला. सीएसव्हीपण बॉम लावल्यावर सरळ उघडली. उत्साहात लगेच नवीन कोटेशन पाठवलं तर उत्तर आलं, चिन्ह सुंदर दिसतंय पण आमच्या अकाउंटंटला बीडीटी (टाकाचा इंग्रजी कोड) असंच लिहिलेलं लागतं. बदलतोय आता परत 😑