कोलायटिस, क्रोन्स हे आतड्याच्या सुजेचे आजार म्हणजे 'गोऱ्यांचे आजार' म्हणणं आता तरी थांबायला नको का?

सातपूरकर
धाकट्या बहिणीला दोन वर्षं शौचातून आव आणि रक्त पडत होतं. आधी मूळव्याध म्हणून मलम, मग काढे, मग अमिबाच्या गोळ्या. अंबडच्या कंपनीची बस मधे थांबत नाही, म्हणून पोरगी सकाळी घोटभर चहासुद्धा घ्यायची नाही. शेवटी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार, निघाला. त्याच्या वर्षभर आधी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हा आपल्या लोकांचा आजार नव्हे, तिकडे गोऱ्यांत असतो." ते वर्ष वाया गेलं.

इंग्लंडमध्ये लेस्टर भागात भारतीय वंशाच्या लोकांत कोलायटिस तिथल्या गोऱ्यांपेक्षा जास्त निघाला, हे १९९२ सालीच छापून आलंय. पंजाबात घरोघरी पाहणी झाली, त्याचे आकडे २००३ साली आले: लाखामागे ४४ रुग्ण. मग "आपल्यात नसतो" हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

गोदाकाठ
दादा, बहिणीच्या हालांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण लेस्टरचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. तिथले कितीतरी गुजराती आफ्रिकेतून गेलेले. विमानात बसल्याने कुणाचं रक्त बदलत नाही. बदललं ते खाणं, पाणी आणि लहानपणापासूनची अँटिबायोटिक्स. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात दक्षिण आशियाई घरांतल्या मुलांना हे आजार इतर मुलांपेक्षा जास्त होताना दिसले. वंश बाजूला ठेवा आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरची पोरं रोज पाकिटातलं काय खातात ते बघा.

निफाडची
मी एंडोस्कोपी विभागात काम करते, म्हणून डॉक्टरांची बाजू मांडते. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी, दोघांचीही आवडती जागा एकच: लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे. व्रणही सारखे दिसतात, आणि बायोप्सीत टीबीचे जंतू बऱ्याचदा सापडतच नाहीत. आपल्याकडे टीबी किती आहे ते सांगायला नको. टीबीच्या पेशंटला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो. म्हणून आधी टीबीच्या गोळ्या देण्यात चूक नाही. चूक होते ती दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरलेत का हे न पाहण्यात. सहा-सहा महिने गोळ्या खाऊन तसेच परत आलेले पेशंट पाहिलेत मी.

सातपूरकर
ताई, क्रोन्सपुरतं पटलं. पण आमच्या घरी टीबीचा प्रश्नच आला नव्हता. रक्त पडतंय म्हटल्यावर न तपासताच मूळव्याध म्हटलं, राग त्याचा आहे.

देवळालीकर
गोदाकाठ, वंश बाजूला ठेवा म्हणता, तो कसा ठेवायचा? भावाला अझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज आवरणारी गोळी, सुरू केली आणि तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की ॲडमिट करावं लागलं. हे औषध सोसेल की नाही, यासाठी युरोपात टीपीएमटी जीन बघतात. आशियाई लोकांत मुख्य अडचण एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जीनची असते. ते कोरियातल्या पेशंटमध्ये सापडलं २०१४ साली. आणि २००१ साली क्रोन्सशी जोडलेले एनओडी२ या जीनमधले जे बदल युरोपात नेहमी सापडतात, ते आपल्यात जवळपास नाहीतच. त्यांच्यासाठी केलेली तपासणी आपल्याला पुरत नाही, याची किंमत आम्ही मोजलीय.

गोदाकाठ
औषधाबाबत मागे घेते. जीन तपासायलाच हवं. पण आजार सुरू का होतो, यावर माझं मत तेच आहे. रक्त तेच राहून एका पिढीत आकडे वाढत असतील, तर दोष ताटाचाच.

देवळालीकर
एकाच ताटात जेवलो आम्ही दोघं भाऊ. मला काही झालं नाही.

सातपूरकर
देवळालीकर, बरं झालं सांगितलंत. बहिणीला मेसालामाइन हे कोलायटिसचं सुरुवातीचं औषध पुरत नाहीये, पुढच्या आठवड्यात हीच अझाथायोप्रिनची गोळी सुरू करायचं चाललंय. एनयूडीटी१५ फाईलवर लिहून ठेवलं. पहिल्या महिन्यात भावाचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) किती दिवसांनी केलं होतं?