३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ घरी आलंय, घरात सात माणसं, कसं जमवायचं?

चिऊचीआई:
मुलगी ३२ आठवड्यांतच जन्मली, वजन १४५० ग्रॅम. ३८ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती, आता चार दिवस झाले घरी आणलीये, १९८० ग्रॅम. तिथे सगळं मॉनिटरवर दिसायचं हो, आता काहीच नाही तर रात्रभर मी नुसती छातीकडे बघत बसते. मधेच भराभर श्वास घेते, मग थांबल्यासारखी वाटते की माझाच जीव जातो. त्यात मोठा सहा वर्षांचा, शाळेतून सर्दी घेऊन येतो आणि आला की थेट बाळाला पापी. सासू-सासरे, दीर-जाऊबाई सगळे प्रेमाचेच आहेत पण जो तो येऊन उचलतो, आणि काही बोललं तर "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का". नवऱ्याची सुट्टी संपली. कोणी यातून गेलंय का?

जुळ्यांचाबाबा:
आमची दोघं ३१ची, आता धुमाकूळ घालतात. श्वासाचं आधी सांगतो. या बाळांचा श्वास असाच असतो, भराभर घेतात, पाच-सात सेकंद थांबतात, परत सुरू. म्हणून पोटावर अलगद हात ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, त्यात हमखास फसायला होतं. शांत झोपेत श्वास मिनिटाला सारखे ६० च्या वर जात असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हत असेल, दूध ओढायचं सोडलं असेल तर वाट न बघता दाखवायचं. आणि श्वास २० सेकंद थांबला किंवा ओठ निळे पडले तर तडक इमर्जन्सीच. बाळ घरी आणताना सीपीआर (श्वास बंद पडला तर करायचा प्रथमोपचार) शिकवला नसेल तर जाऊन शिकून घ्या, दोघांनीही.

आणि बाबाला कामाला लावा! ऑफिसातून आला की अंघोळ, मग शर्ट काढून बाळ छातीवर. हीच कांगारू केअर, ती फक्त आईनेच द्यायची असं काही नाही. मी जागेपणी दोन-दोन तास बसायचो (डुलकी लागायला लागली की बाळ लगेच दुसऱ्याकडे, हे मात्र कडक), तेवढ्यात बायकोची झोप व्हायची. कोलंबियात १९७८ च्या सुमाराला इनक्युबेटर पुरेनात म्हणून हे सुरू झालं म्हणतात, म्हणजे काही नवीन फॅड नाही, वडीलधाऱ्यांना हेच सांगा.

माऊ_७:
सासूबाईंशी वाद घालू नकोस गं, हरशील 😄 त्यांना काम दे. मी आमच्यांना ऊब बघायचं खातं दिलं होतं. पोट आणि पाय दोन्ही हाताला कोमट लागले तर ठीक, पोट गरम पण पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. अंगावर चरबी नसते ना, मग प्यायलेलं सगळं दूध अंग गरम ठेवण्यातच जातं आणि वजन काटा हलत नाही. हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं, तेव्हापासून त्याच सगळ्यांना ओरडायच्या "उघडं करू नका, उचलू नका". गरम पाण्याची पिशवी मात्र बाळाजवळ अजिबात नको, भाजतं. झोपवताना पाठीवरच, उशी नको.

दूध दर दोन-तीन तासांनी, झोपली असली तरी उठवून. ओढताना दमून झोपते ना? आमचा पाच मिनिटांतच झोपून जायचा, मग उरलेलं काढून वाटीचमच्याने.

निवांत:
दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. डोळ्यांची रेटिना (आतल्या पडद्याची) तपासणी एकदा झाली तरी रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत परत बोलावतात, घरी आल्यावरच्या गडबडीत तीच तारीख चुकते आणि ती चुकवण्यासारखी नाही. कानांची टेस्ट झाली का तेही कागदात बघा. दुसरं, लसी जन्मतारखेवरूनच, पण मान धरणं, बसणं वगैरे मूळ ड्यू डेटपासून मोजायचं. नाहीतर जाऊबाईंच्या बाळाशी तुलना सुरू होते आणि उगाच रडारड.

सर्दीवाल्याने मास्क लावायचा आणि पापी बंद, अगदी आजोबा असले तरी.

चिऊचीआई:
वाचताना रडूच आलं. काल मोजले, ४८ भरले, मग दोन तास सलग झोपले. मोठ्याला हात धुण्याचा इन्स्पेक्टर केलंय, त्याने सासऱ्यांना दोनदा बेसिनकडे परत पाठवलं, पापी आता फक्त पायाला, तीही सर्दी नसेल तेव्हाच. आणि निवांत, फाईल उघडून बघितली, रेटिनाची तारीख परवाचीच आहे. कोणाच्याच लक्षात नव्हती.